भाडेकरू कोण, मालक कोण?

पुण्यात फ्लॅट घ्यावा की भाड्यानेच राहावं, हा प्रश्न माझ्या वयाच्या प्रत्येक इंजिनिअरच्या एक्सेल शीटमध्ये कधी ना कधी येतो. माझ्याही आला. एका रकान्यात वीस वर्षांचा हप्ता, मुद्रांक शुल्क, मेंटेनन्स. दुसऱ्यात भाडं आणि उरलेल्या पैशांची एसआयपी. सगळी आकडेमोड शेवटी एका चौकटीवर येऊन अडकते : घराची किंमत दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल? माझ्या शीटमध्ये तिथे पाच लिहिलं की भाडं जिंकतं, आठ लिहिलं की फ्लॅट. म्हणजे मला हवं ते उत्तर मीच त्या चौकटीत लिहू शकतो.

चंद्रपूरला बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "शीट राहू दे. मी तीस वर्षं खिळा ठोकताना विचार केला." बाबांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेली. आमच्या जिल्ह्यात हजारो कुटुंबं अशीच राहिली. औष्णिक वीजकेंद्राच्या, कोळसा खाणींच्या, बल्लारपूरच्या पेपर मिलच्या वसाहतींत. शाळा, बगिचा, शेजार सगळं आपलं, पण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं. त्यामुळे 'स्वतःचं घर' हा शब्द बाबा ज्या आवाजात उच्चारतात, त्यावर एक्सेलकडे उत्तर नाही.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवून कागद वाचायला घेतले. पहिला कागद माझ्या सध्याच्या घराचा, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यानुसार मी भाडेकरू नाहीच. मला फक्त राहण्याची परवानगी आहे. याला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही असं संरक्षण दिलं. तेव्हापासून घरमालक 'भाडेकरू' हा शब्दच टाळू लागले आणि 'परवानगी' देऊ लागले. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या पद्धतीला रीतसर जागा दिली. मुदत संपली की परवानगी संपली.

दुसरा कागद मी पाहायला गेलो होतो त्या फ्लॅटच्या सोसायटीचा, नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर वर्गीकरण लिहिलं होतं : 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था'. महाराष्ट्रातल्या बहुतेक फ्लॅटच्या सोसायट्या याच प्रकारात मोडतात. जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट आणि त्यासोबत येणारा ताबा. म्हणजे भाडं भरतो तेव्हा मी भाडेकरू नाही, आणि लाखो रुपयांचं कर्ज काढून फ्लॅट घेतला की मी संस्थेचा भाडेकरू-भागीदार होणार!

हा कारकुनी विनोद नाही. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. कानडा मुलखातून नोकरीसाठी आलेल्या, चढ्या भाड्याने बेजार झालेल्या मध्यमवर्गीयांसाठी श्रीपाद सुब्बराव तालमकींनी ती उभी केली. कल्पना साधी होती : एकेकट्याला घर परवडत नसेल तर सगळ्यांनी मिळून घरमालक व्हावं आणि आपणच आपले भाडेकरू व्हावं. पुढे फ्लॅट हा गुंतवणुकीचा माल झाला, पण कागदावर ती जुनी कल्पना राहून गेली.

मालकी आणि ताबा असे वेगळे झालेले पाहून मी फार चकित झालो नाही, याचं कारण माझा जिल्हा. चंद्रपूर आणि 1982 साली त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली, या जंगलपट्ट्यात 'हे कोणाचं' या प्रश्नाची उत्तरं राज्य बदललं की बदलत गेली.

गोंड राजा हीरशहाबद्दल जुन्या इतिहासात नोंद आहे की, जो जंगल साफ करून शेत करील त्याला त्याची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन. म्हणजे हक्क कष्टाला चिकटलेला. पुढे भोसल्यांचं राज्य आलं. 1853 साली तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी ते खालसा केलं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. 1860 च्या दशकात चांदा जिल्ह्याची जमाबंदी मेजर लुसी स्मिथ यांनी केली. तोवर गावचा पाटील हा प्रामुख्याने सारा गोळा करून देणारा होता. इंग्रजांनी अशांना मालकी हक्क दिले आणि ते मालगुजार झाले. गावकरी होते तिथेच राहिले, शेतंही तीच, पण गावाला एक मालक आला. दक्षिणेत अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. तरीही एक गोष्ट टिकून होती : निस्तार. घरापुरतं लाकूड, बांबू, चराई, मोहफुलं हा गावाचा हक्क. जंगल मालगुजाराचं असो की सरकारचं, चूल त्यावरच पेटायची.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि ती संपायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. आमच्याकडे त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. पूर्वी उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढायचं, पाळ दुरुस्त करायचं, कारण खालच्या धानाच्या बांध्या त्याच पाण्यावर होत्या. सरकार मालक झाल्यावर लोकांचे हक्क निस्तारपत्रकात लिहिले गेले, पण जबाबदारी कार्यालयात गेली. अनेक तलाव गाळाने भरले, काहींत अतिक्रमणं झाली. मालक होता, सातबारा होता, फक्त फावडं घेऊन जाणारं कोणी उरलं नाही.

याच पट्ट्यातल्या एका गावाने हे उलटं फिरवलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि गावाचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं यासंदर्भात अनेकांना ठाऊक असतील. इथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. पण कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असं नव्हे. 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता, नव्या कायद्यात गौण वनोपजात. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखातं देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

त्यानंतर गावाने जे केलं ते माझ्या शीटच्या दृष्टीने वेडेपणाच. जंगल सगळ्यांचं झालं होतं, पण शेतं ज्याची त्याची होती. 2013 मध्ये मेंढ्याच्या लोकांनी 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. विनोबांच्या सुलभ ग्रामदानाची मांडणी अशी की मालकी ग्रामसभेची, विसावा हिस्सा भूमिहीनांना, बाकी जमीन ज्याची त्यानेच कसायची, मुलाबाळांनीही कसायची. फक्त गावाबाहेरच्याला विकायची नाही. गेलं काय? विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क. राहिलं काय? शेत, पीक, वारसा, आणि कोणी एकेकट्याला गाठून जमीन काढून घेऊ शकणार नाही ही खात्री. कोळशासाठी गावंच्या गावं उठलेल्या आमच्या जिल्ह्यात या खात्रीची किंमत कळते. तिथे लोकांकडे सातबारा होताच.

मेंढ्याला आदर्श गाव म्हणून पुण्यात आणून बसवण्याचा माझा विचार नाही. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या एकत्र आहेत. मी समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव दारावर वाचतो. जमीन विकता न येणं ही अडचणही असते : आजारपणात, शिक्षणाच्या खर्चात. पण घर घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हे मेंढ्याने मला वेगळं करून दाखवलं. राहण्याचा हक्क, विकण्याचा हक्क आणि देखभालीची जबाबदारी या तीन वस्तू आहेत. जाहिरातीत तिन्ही मिळून 'स्वप्नातलं घर' होतं. माझी शीट फक्त दुसरी मोजत होती. बाबांना हवी आहे पहिली. तिसरीबद्दल कोणी बोलतच नाही, आणि मामा तलाव त्याच तिसरीमुळे बुजले.

या नजरेने पाहिलं तर फ्लॅट निवडण्याचे प्रश्न बदलतात. 1963 च्या मोफा कायद्यानुसार बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं बंधनकारक आहे. तरी कित्येक सोसायट्यांचं अभिहस्तांतरण वर्षानुवर्षं होत नाही. म्हणून 2008 मध्ये कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. ते झालेलं नसेल तर फ्लॅटधारक आनंदाने गृहप्रवेश करतात आणि पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच असते. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की हे उमगतं.

तेव्हा बांधकाम चालू असलेल्या टॉवरमधलं बुकिंग मी सोडून दिलं आहे. पंधरा-वीस वर्षं जुनी, अभिहस्तांतरण झालेली सोसायटी शोधतोय. स्विमिंग पूल नसला तरी चालेल. एजंटला मी आधी प्रॉपर्टी कार्ड मागतो आणि मग मागच्या तीन वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं : किती जण आले, कशावर भांडले, गळक्या टाकीचं काय ठरलं. एजंट माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. असं घर मिळेपर्यंत मी परवानगीवर राहीन, दर अकरा महिन्यांनी करार करीन. बाबांना हे पूर्ण पटलेलं नाही. परवा मात्र फोनवर त्यांनी विचारलं, "त्या सोसायटीच्या सभेला माणसं येतात का रे?"