चार पैंचा हिशेब



आमच्या शाळकरी दिवसांतली एक गोष्ट आधी सांगतो. भांड्यांना कल्हई करणारे एक चाचा होते. मोसम खोऱ्यातल्या गावोगावी फिरत आणि सोमवार ते शनिवार कधी कोठे मुक्काम पडेल याचा नेम नसे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, मुलगी एक वर्ग मागे. वर्गशिक्षकांनी एकदा चाचांना बोलावून फी-माफीचा ई.बी.सी. अर्ज पुढे ठेवला व सही करा म्हणाले. चाचांनी अर्ज हाती घेतला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही जकात घेणारे नाही. देवाने हातात काम दिलंय." गुरुजींनी समजावले, पण ऐकतील तर ते चाचा कसले! दोघांची फी काही जमेना. मुलगा पुढे शिकला, मुलगी सातवीनंतर घरी बसली.

चाचांच्या स्वाभिमानाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु त्यांचा हिशेब चुकला होता. तो कसा चुकला, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

कंपनी सरकारने १८१३ सालच्या सनदेत हिंदुस्थानातील शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढण्याचे कलम घातले. सरकारी खजिन्यातून शिक्षणाला पैसा, याची ही पहिली लेखी कबुली. पण रक्कम कागदावर आली म्हणजे मुलाच्या पाटीवर आली असे नव्हे. पुढची जवळजवळ दहा वर्षे ती रक्कम तशीच पडून राहिली. नंतर मेकॉलेसाहेबांच्या काळात धोरण असे ठरले की वरच्या थोड्या लोकांना शिकवावे, म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हे धोरण मागे सारले आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घातली. आज आपण ज्याला 'ग्रँट' म्हणतो तिचा उगम तेथे आहे.

खेड्यापाड्यांतील शाळांसाठी मात्र सरकारने वेगळी वाट काढली, आणि आपल्या गोष्टीचा गाभा येथेच आहे. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली. त्याला लोकल फंड म्हणत. १८६९ साली नाशिक जिल्हा नव्याने बनला व आपले बागलाण खानदेशातून काढून त्यात घातले गेले, त्याच साली या पट्टीला कायद्याचा पक्का आधार मिळाला. त्या आण्याचे तीन भाग करीत. दोन भाग रस्ते वगैरे कामांना, एक भाग शाळांना. जुना आणा बारा पैंचा, म्हणजे रुपयामागे चार पै शिक्षणासाठी. मोसमकाठचा एखादा शेतकरी वीस रुपये सारा भरत असेल, तर त्याने दरसाल सहा आणे आठ पै शाळेसाठी मोजले. त्याचे मूल शाळेत जावो अथवा गुरांमागे जावो, पैसा वसूल होतच असे. तुम्ही म्हणाल, आपले वाडवडील कुठे जमीनदार होते? खरे आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावी येऊन स्थिरावलेल्या विणकरांनी सारा भरला नसेल. पण मीठ तर त्यांनीही खाल्ले, आणि मिठावर कर होता. सरकारी तिजोरीत गरिबाचा पैसा नाही, असा काळ कधी नव्हताच.

मग हा पैसा गेला कोठे? १८८२ साली हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे विचारला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. (जोतीरावांची शाळा अर्ध्यावर सुटली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.) जोतीरावांनी आयोगाला दिलेल्या निवेदनात दाखवून दिले की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते, आणि त्यातून चाललेल्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. रयतेची मुले शाळेत का येत नाहीत? एक तर दारिद्र्य, दुसरे म्हणजे घरची गुरे राखायला व शेत सांभाळायला हीच मुले लागतात. त्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आणि शिष्यवृत्त्यांविषयी असे एक निरीक्षण नोंदविले की ते वाचताना आजही माणूस दचकतो. सरकारी शिष्यवृत्ती ज्या रीतीने दिली जाते, तिने ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच उत्तेजन मिळते, इतर मागे राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. मदत ठेवलेली असते, पण ती कोठे ठेवली आहे हे ज्याला ठाऊक तोच ती उचलतो.

याच हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल स्वतंत्र सतरा शिफारशी केल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिलीच शिफारस अशी की या शिक्षणाला दिलेले खास उत्तेजन हा लोकल फंड, नगरपालिका व प्रांतिक तिजोरी यांच्यावरील रास्त खर्च समजावा. शब्द 'रास्त' असा आहे. दान, मेहेरबानी असला शब्द तेथे नाही. प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत चढत्या पायऱ्यांनी शिष्यवृत्त्या असाव्यात, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांतून काही जागा मुसलमान मुलांसाठी बिनफीच्या राखाव्यात, हेही त्यांत होते. अंमल किती झाला हा वेगळा विषय. पण चाचांना हा कागद त्या दिवशी कोणी दाखवला असता, तर सही झाली असती असे मला वाटते.

आता आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्याकडे वळू. कवळाणे गावी १८६३ साली गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्यात तो दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. या राजाने १८९३ साली अमरेली भागात सात ते बारा वर्षांच्या मुलांना व सात ते दहा वर्षांच्या मुलींना सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. मूल न पाठविणाऱ्या बापाला दंड असे. १९०६ साली ही सक्ती साऱ्या संस्थानात लागू केली. गंमत बघा, हा मुलगा कवळाण्यातच राहिला असता तर त्याला ही शाळा मिळाली नसती, कारण नाशिक जिल्हा इंग्रजांचा! १९१३ साली याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले व १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

इंग्रजी मुलखात मात्र पैशाचेच कारण पुढे आले. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले. बडोद्याचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्यानंतर मुंबई इलाख्यात १९१८, १९२३ व १९४७ असे कायदे होत गेले, त्यांच्या तपशिलात येथे शिरत नाही.

आपल्या समाजातील दात्यांचाही एक दाखला द्यायला हवा. सर महंमद युसुफ यांनी १९१४ साली मुसलमानांच्या कॉलेजसाठी आठ लाख रुपये सरकारकडे दिले. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज उघडले ते १९३० साली. दात्याचा पैसादेखील सोळा वर्षे वाट पाहत राहतो!

स्वातंत्र्यानंतर या राज्यात जे सर्वांत मोठे पाऊल पडले ते १९५९ चे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यापूर्वी गरीब मुलाला 'नादारी' मिळे, तीही वर्गातल्या मोजक्यांना, हेडमास्तरांच्या मर्जीने. आता नियम असा झाला की घरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर जात-धर्म न पाहता फी माफ. ती मर्यादा पुढे बाराशे रुपयांवर गेली व बाळासाहेब देसाई यांचे नाव या सवलतीशी कायमचे जोडले गेले. हीच ती ई.बी.सी. खेड्यातली एक अख्खी पिढी तिच्यावर कॉलेजात गेली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सांगितले. १९६८, १९८६ व २०२० या तिन्ही धोरणांनी तो आकडा उचलून धरला. गाठला एकदाही गेला नाही.

आणि मग १९८३. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजे काढण्यास परवानगी दिली. जागा वाढल्या, परराज्यात जाणारी मुले येथे थांबली, हे मान्य केलेच पाहिजे. कॅपिटेशन फीचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पण त्याहून खोल बदल असा झाला की, पूर्वी सरकार पैसा शाळेला देई आणि मुलाला काही मागावे लागत नसे. आता कॉलेजची फी पूर्ण, आणि सरकारची मदत मुलाच्या अर्जावर. जे काम पूर्वी शिक्षणखाते व संस्था आपसात उरकीत, ते बापाच्या अंगावर आले. जोतीरावांचा १८८२ चा आक्षेप येथे पुन्हा जिवंत होतो. ज्याला कागद जमतात त्याला पैसा मिळतो.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर दोन वर्षांत केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर व व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २०२२ साली पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली. हे शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही थांबली. तेव्हा वहीपेन्सिलीचा खर्च कोणत्या कायद्याने मोफत झाला, असे एका आईने मला विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

तरी दारे सगळी बंद नाहीत. ई.बी.सी.चा वारसा आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेकडे आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही माफी इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटक यांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतल्यास मिळते. मोमीन, पिंजारी अशा आपल्या कित्येक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, आणि ज्या नाहीत त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढता येतो का ते पाहावे. थेट संस्थेच्या जागेवर पैसे भरून प्रवेश घेतलात, तर मात्र माफी हातची जाते. दरवर्षी दोन-चार घरे येथेच फसतात.

पालकांनो, एवढे आजच करा. उत्पन्नाचा दाखला जूनची गर्दी होण्याआधी तलाठ्याकडून व सटाण्याच्या तहसील कचेरीतून काढून ठेवा. मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडून ते आधारला जोडा. आणि नावे तपासा. शाळेच्या रजिस्टरात 'शेख' आधी, आधारवर 'शेख' शेवटी, रेशनकार्डावर 'शेख' मुळीच नाही, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे, आणि अर्ज तेवढ्यावरून परत येतात. शाळा सुटल्यावर दाखल्यातील नाव बदलून घेणे फार जड जाते. मूल शाळेत आहे तोवर हेडमास्तरांना भेटा व दुरुस्ती करून घ्या.