विमानप्रवासातील द्रवपदार्थ

आंतरराष्ट्रीय विमानात हातसामानातून द्रवपदार्थ किती व कसे नेता येतात, यासंबंधीचे सुरक्षा नियम. प्रत्येक बाटली वा डबी जास्तीत जास्त १०० मिलि. क्षमतेची हवी, अशा सर्व बाटल्या एक लिटरपर्यंतच्या पारदर्शक, पुन्हा बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत हव्यात, माणशी पिशवी एकच. मोजतात ते भांडे, आतला माल नव्हे. २०० मिलि.च्या बाटलीत तळाशी दोनच चमचे तूप उरले असले, तरी ती बाटली जात नाही.

हे नियम गावाकडच्या सामानाला कसे लागतात, ते राजुरीच्या उदाहरणावरून पाहू. राजुरी (ता. जुन्नर, जि. पुणे) हे कल्याण–नगर रस्त्यावर आळेफाटा व बेल्हे यांच्या दरम्यानचे गाव. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट परदेशी विमाने मोजकीच असल्याने इथून लेकाकडे-लेकीकडे निघालेले आईवडील बहुधा माळशेज घाट उतरून मुंबई गाठतात. शेतीला दूधधंद्याची जोड असलेल्या या भागात सामानात घरचे तूप असणार हे गृहीतच. थंडीत तूप दगडासारखे थिजले, तरी तपासणीत ते द्रवच धरतात. लोणचे, मध, श्रीखंड, आमरस, पाकातले गुलाबजाम यांचीही तीच गत. जुन्नर-आंबेगावची खासियत असलेली मासवडी म्हणजे तीळ, खोबरे, कांदा-लसणाचे सारण भरलेली बेसनाची वडी. ती कोरडी, म्हणून चालते. तिच्यासोबतचा रस्सा मात्र १०० मिलि.च्या पलीकडे गेला की अडतो. रश्शाविना मासवडी म्हणजे काय, हा प्रश्न नियमकर्त्यांपुढे कधी आलेला नसावा. औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना प्रवासापुरती सूट असते. औषधासोबत डॉक्टरांची चिठ्ठी असलेली बरी.

नियमाचे मूळ लंडनमध्ये आहे. तेथून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमाने शीतपेयांच्या बाटल्यांतील, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी ऑगस्ट २००६ मध्ये उधळला. आरंभी सरसकट बंदी आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेने व नोव्हेंबरात युरोपीय संघाने ती मर्यादेवर आणली. धोका मात्र जुनाच होता. १९८७ साली कोरियन एअरचे विमान पाडण्यासाठी दारूच्या बाटलीतील द्रव स्फोटक वापरले होते (११५ मृत्यू). १९९४ मध्ये फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात फुटलेल्या बॉम्बचे नायट्रोग्लिसरीन कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून नेले होते. जुन्या एक्स-रे यंत्राला पाणी आणि स्फोटक यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून मात्राच कमी ठेवली गेली. घनता ओळखणारी नवी सीटी यंत्रे आल्यावर एडिंबरा व बर्मिंगहॅम विमानतळांनी जुलै २०२५ मध्ये मर्यादा दोन लिटरवर नेली. परतीच्या वाटेवर त्याचा भरवसा धरू नये: मध्ये विमान बदलायचे असेल, तर तिथल्या तपासणीत पुन्हा १०० मिलि.चाच नियम लागू शकतो. ड्यूटी फ्री दुकानातली बाटली पावतीसह मोहोरबंद पिशवीतच ठेवावी. पिशवी फोडली की सवलत गेली.

तूप-लोणच्याची खरी जागा चेक-इन बॅगेत. झाकणाला चिकटपट्टी, वर दोन प्लॅस्टिक पिशव्या आणि भोवती जुनी साडी, ही गावाकडची बांधणी चांगली टिकते. मात्र सुरक्षा तपासणी आणि उतरल्यावरचा कस्टम या दोन वेगळ्या चौक्या आहेत, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून ब्रिटन व युरोपीय संघ भारतातले दुग्धजन्य पदार्थ खाजगी सामानातही येऊ देत नाहीत. मुंबईत बिनतक्रार गेलेली तुपाची बरणी लंडनला जप्त होऊ शकते. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ आधी जाहीर करावे लागतात. लपवल्यास दंड होतो.

दारूला आणखी वेगळे माप आहे: २४ ते ७० टक्के मद्यार्काची माणशी पाच लिटरपर्यंत, तीही दुकानातल्या मूळ बंद बाटलीत, ७० टक्क्यांवरची अजिबात नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या द्रव नसूनही अडतात, कारण तेलामुळे आपोआप तापून पेट घेणाऱ्या मालात खोबऱ्याची गणना होते.