भारतीय झाडबेडूक

भारतीय झाडबेडूक (शास्त्रीय नाव: पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटस) ही रॅकोफोरिडी कुळातील बेडकाची एक प्रजाती आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी इ.स. १८३० मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. 'मॅक्युलॅटस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ठिपकेदार' असा होतो. चुन्याने रंगवलेल्या भिंतींवर आढळत असल्यामुळे इंग्रजीत त्याला 'चुनाम फ्रॉग' असेही म्हणतात.

वर्णन

पूर्ण वाढलेल्या बेडकाची लांबी साधारणतः ७ ते ८ सें.मी. असते. मादी नरापेक्षा मोठी असते. पाठीचा रंग पिवळसर, तपकिरी किंवा करडा असून त्यावर गडद ठिपके असतात. परिसरानुसार रंगाची छटा फिकट वा गडद होते. मांडीच्या मागील बाजूस गडद जाळीत पिवळे गोल ठिपके दिसतात. डोळे मोठे व बाहुली आडवी असते. बोटांच्या टोकांवरील चकत्यांमुळे तो झाडावर व गुळगुळीत भिंतीवर चढू शकतो.

अधिवास

ही प्रजाती भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान व बांगलादेश या देशांत आढळते. दमट जंगलांप्रमाणेच शुष्क पानझडी वने, शेते, बागा व घरांतील ओलसर जागा येथेही ती राहते. धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्य हे बालाघाट डोंगररांगेतील अशाच शुष्क पानझडी वनाचे उदाहरण आहे. तेथील ओढा पावसाळ्यात वाहतो.

कोरड्या हवेत टिकून राहण्यासाठी हा बेडूक त्वचेतील ग्रंथींचा स्निग्ध स्राव हातापायांनी अंगभर पुसतो. त्यामुळे शरीरातील पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. तो निशाचर असून कीटकांवर उपजीविका करतो.

प्रजनन

प्रजननकाळ पावसाळ्यात असतो. मादी शरीरातील द्रव पायांनी घुसळून फेस तयार करते व त्यात अंडी घालते. हे फेसाचे घरटे पाण्यावर झुकलेल्या फांदीला, गवताला किंवा हौदाच्या भिंतीला चिकटलेले असते. त्याचा बाहेरील थर वाळला तरी आतील अंडी ओलसर राहतात. काही दिवसांनी भैरेर खाली पाण्यात पडतात व पुढील वाढ तेथे होते. रूपांतरण पूर्ण होण्याआधी डबके आटल्यास ते मरतात. त्यामुळे पावसात खंड पडणाऱ्या प्रदेशात लहान, तात्पुरते पाणवठे टिकणे या बेडकासाठी महत्त्वाचे ठरते.

संवर्धन

विस्तृत आढळामुळे आय.यू.सी.एन.च्या लाल यादीत या प्रजातीची नोंद सर्वात कमी धोक्याच्या गटात आहे.