औंढ्याचा प्रकाश आणि सुदर्शन यांची कसोटी

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये, एवढे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. पण अशा यंत्राची खरी अडचण प्रकाशातच आहे. लेसरचे प्रकाशकण ठरावीक अंतराने येत नाहीत आणि त्या अनियमिततेच्या गोंगाटात गुरुत्वीय लहरीची खूण बुडून जाते. अमेरिकेतल्या लायगोने २०१९ पासून त्यावर ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरला. त्यात एका राशीतली अनिश्चितता दाबली जाते आणि दुसरीतली वाढू दिली जाते. हा प्रकाश जुन्या तरंगसिद्धांतात बसत नाही, हे ठरवण्याची कसोटी १९६३ साली भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांनी दिली. मे २०१८ मध्ये ते गेले. मराठवाड्याने त्यांची आठवण काढायची तर हुकलेल्या नोबेलपाशी न अडखळता या कसोटीपासून काढावी.

सुदर्शन मूळचे कोट्टायमकडचे. १९५२ ते १९५५ ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तिथले काम वैश्विक किरणांचे होते, त्यामुळे क्वांटम प्रकाशशास्त्र मुंबईत जन्मले असे म्हणता येणार नाही. मात्र भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक त्या संस्थेत क्वांटम यंत्रशास्त्रावर व्याख्याने द्यायला आले, तेव्हा त्यांची टिपणे लिहून काढणाऱ्यांत तरुण सुदर्शन होते, आणि पुढच्या कामाला लागणारे गणित त्याच जातीचे होते. पुढे ते अमेरिकेत रोचेस्टरला गेले. १९५६ मध्ये हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी ताऱ्याच्या प्रकाशाची तीव्रता दोन ठिकाणी एकत्र कमीजास्त होताना पाहिली, आणि हे समजायला क्वांटम सिद्धांत लागतो की जुने तरंग पुरतात, यावर वाद पेटला. एप्रिल १९६३ च्या छोट्या निबंधात सुदर्शन यांनी दाखवले की प्रकाशाची कोणतीही अवस्था लेसरसारख्या सुसंगत अवस्थांच्या बेरजेत मांडता येते. प्रत्येक अवस्थेला तिचे वजन. ही वजने साध्या संभाव्यतेसारखी वाचता आली, तर जुने तरंग पुरतात. ताऱ्याचा प्रकाश तसा आहे. ती ऋण निघाली किंवा संभाव्यता म्हणून वाचताच आली नाहीत, तर प्रकाश निखळ क्वांटम. स्क्वीझ्ड प्रकाश या दुसऱ्या बाजूला पडतो.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉय ग्लॉबर आधी होते, हा आक्षेप खरा आहे. त्यांचा निबंध फेब्रुवारी १९६३ चा, आणि प्रकाशाच्या सुसंगततेचा क्वांटम सिद्धांत त्यांनी उभारला. २००५ च्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्यासाठीच होता. ते श्रेय काढून घेणे अन्यायाचे ठरेल. पण कोणत्याही अवस्थेसाठी ही मांडणी शक्य आहे, हे व्यापक विधान सुदर्शन यांचे, आणि म्हणूनच तिच्यावर दोघांची नावे आहेत. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच अर्ध-अभिजात आणि क्वांटम वर्णनांच्या समतुल्यतेचे. मग त्यात क्वांटमपण कुठले? समतुल्यता सूत्राच्या रूपात आहे, वजनांच्या स्वभावात नाही. रूप सारखे ठेवल्यामुळेच दोन्ही प्रकाश शेजारी ठेवता आले, आणि फरक वजनांच्या स्वभावात पकडता आला.