हेपॅटायटिस सी : पुनर्संसर्ग

औषधोपचाराने हेपॅटायटिस सी बरा झाल्यावर त्याच विषाणूची नव्याने होणारी लागण. उपचार पुरते लागू न पडल्याने जुनाच विषाणू उलटतो, तो प्रकार निराळा. नव्या विषाणूचा जनुकप्रकार वेगळा निघाला तर पुनर्संसर्ग स्पष्ट होतो. प्रकार एकच असेल तर जनुकक्रम ताडून पाहावा लागतो.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोफोसबुविर व त्याच्या जोडीच्या गोळ्यांनी सामान्यतः ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही, की रुग्ण बरा झाला असे धरतात.

बरे होणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे. हेपॅटायटिस ए एकदा होऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. त्यामुळे ‘कावीळ होऊन गेली, आता भीती नाही’ हा समज लोकांत रुजला आहे. सी ला तो लागू नाही. या विषाणूचे बाह्य आवरण सतत बदलत राहते, त्यामुळे आधीच्या लागणीत तयार झालेली प्रतिपिंडे नव्या लागणीला रोखू शकत नाहीत. लस अजून नाही. अमेरिकेत टोचून नशा करणाऱ्यांवर घेतलेल्या लसचाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले; दीर्घकालीन लागण त्या लसीने टळली नाही.

ही प्रतिपिंडे संरक्षण देत नाहीत, पण निदानात घोळ मात्र घालतात. बऱ्या झालेल्या माणसाच्या अँटी-एचसीव्ही कार्डावर कित्येक वर्षांनीही दोन रेषा उमटतात. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत असा अहवाल हाती आला की घरचे हादरतात. उलट ‘माझे नेहमीच पॉझिटिव्ह येते’ म्हणून खरी नवी लागण दुर्लक्षिली जाते, आणि हे अधिक घातक. पुनर्संसर्ग कळतो तो आरएनएच्या पीसीआर तपासणीने. धोका कायम असलेल्यांनी ती वर्षातून किमान एकदा करावी.

सरसकट सर्वांना हा धोका सारखा नसतो. एके काळी रक्त चढवल्याने लागण झाली आणि पुढे तसा प्रसंग आला नाही, अशांत पुनर्संसर्ग विरळा. टोचून नशा सुरू असणाऱ्यांत मात्र दर १०० व्यक्ती-वर्षांमागे सुमारे ६ जणांना तो होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. सुई प्रत्येकाची वेगळी असली तरी पूड विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस आणि पाणी एकच असेल तर विषाणू त्यातूनही जातो. वापरलेल्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांत लैंगिक मार्गाने होणारा पुनर्संसर्ग युरोपातील शहरांत नोंदला गेला आहे. डायलिसिस केंद्रात एकच हेपॅरिनची कुपी अनेकांसाठी वापरणे, हातमोजे न बदलणे हीदेखील कारणे ठरतात. तेथे रुग्णाला सावधगिरीचे धडे देऊन काय उपयोग?

प्रतिबंधाची मुख्य साधने म्हणजे निर्जंतुक सुया-सिरिंजचा भरपूर पुरवठा आणि अफूजन्य व्यसनासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनची पर्यायी औषधयोजना. एकत्र टोचणाऱ्या जोडीदारांवर एकाच वेळी उपचार केल्यास विषाणूची ये-जा थांबते. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व गोळ्या मोफत मिळतात. सुया व पर्यायी औषधे मात्र एड्स नियंत्रणाच्या यंत्रणेकडून येतात. दोन खिडक्यांवर फिरावे लागल्याने गळती होते ती नेमकी गरजू माणसांची.

पुनर्संसर्गाच्या भीतीने उपचार नाकारण्याचा प्रघातही पडला होता. सोफोसबुविरची एक गोळी अमेरिकेत १,००० डॉलरला विकली जात असताना तेथील अनेक राज्यांच्या मेडिकेड योजनांनी काही महिने नशामुक्त राहिल्याचा पुरावा मागितला. वैद्यकीय आधार त्याला नव्हता. पुनर्संसर्गावर त्याच गोळ्या पुन्हा तितक्याच चालतात. शिवाय उपचार लांबलेला माणूस तेवढा काळ इतरांना लागण देत राहतो. सिऱ्होसिस झालेल्यांना विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. त्याच भेटीत आरएनए तपासणी उरकता येते.