एक ब्रास वाळू म्हणजे नेमकी किती? ट्रॉली मोजताना हिशेब कुठे चुकतो?

घराचं बांधकाम काढलं की वाळू, खडी, मुरूम यांचा भाव ब्रासमध्ये सांगितला जातो. राज्याच्या वाळू धोरणातही घरकुल लाभार्थ्यांसाठी ५ ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद आहे. पण दारात आलेल्या ट्रॉलीत खरंच एक ब्रास माल आहे का, हे कसं ओळखायचं?

ब्रास म्हणजे किती?

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब, १० फूट रुंद जागेत १ फूट उंचीचा सपाट थर दिला तर तो एक ब्रास होतो. घनमीटरमध्ये हे माप साधारण २.८३ भरतं. प्लॅस्टरच्या कामात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. तिथे उंचीचा संबंध नसतो.

ट्रॉली कशी मोजायची?

आतून लांबी आणि रुंदी मोजा. माल जिथपर्यंत सपाट भरला आहे, तिथपर्यंतची उंची घ्या. तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागा. अट एकच, तिन्ही मापं एकाच एककात हवीत.

समजा, लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि उंची १ फूट ८ इंच आहे. ही उंची अनेकदा १.८ फूट लिहिली जाते आणि तिथेच गडबड होते. फुटात इंच १२ असतात, १० नाही. ८ ला १२ ने भागलं की ०.६७ येतात. म्हणजे उंची १.६७ फूट.

बरोबर हिशेब: १० × ६ × १.६७ = सुमारे १०० घनफूट
चुकीचा हिशेब: १० × ६ × १.८ = १०८ घनफूट

फरक ८ घनफुटांचा. भाव ब्रासला ८,००० रुपये धरला, तर एका खेपेत ६४० रुपये जास्त जातात. उलट १ फूट ११ इंच उंची १.११ लिहिली, तर नुकसान विकणाऱ्याचं होतं, कारण खरी उंची १.९२ फूट असते.

माप मीटरमध्ये असेल तर?

१ मीटर म्हणजे ३.२८ फूट. म्हणून काही जण घनमीटरलाही ३.२८ नेच गुणतात. पण घनफळात लांबी, रुंदी, उंची तिन्ही बदलतात. त्यामुळे ३.२८ × ३.२८ × ३.२८, म्हणजे सुमारे ३५.३ ने गुणावं लागतं. ३ घनमीटर वाळू म्हणजे जवळपास १०६ घनफूट, १० घनफूट नव्हे.

सोपी युक्ती

दशांश नको असतील तर सगळं इंचात मोजा आणि शेवटी १,७२८ ने भागा, कारण १ घनफूट म्हणजे १२ × १२ × १२ घनइंच. वरच्याच ट्रॉलीचं उदाहरण घ्या: १२० × ७२ × २० = १,७२,८०० घनइंच. भागिले १,७२८, उत्तर बरोबर १०० घनफूट.

फक्त टेप लावायचा तो ट्रॉली रिकामी होण्याआधी. जमिनीवर ओतलेला ढीग मोजणं फार अवघड जातं.