रोकबीचा मळा: लपण्याची जागा की कामाची?

अमेरिकेतून पळालेल्या गुलामांना वाट दाखवणारी ‘भूमिगत रेल्वे’ म्हटली की तळघर, भुयार आणि अंधारी रात्र आठवते. व्हरमाँट राज्यातील फेरिसबर्गजवळच्या रोकबी मळ्याचा पुरावा मात्र वेगळेच सांगतो.

क्वेकर पंथाचे रॉबिन्सन कुटुंब १७९०च्या दशकात न्यूपोर्टहून, म्हणजे गुलामांच्या व्यापाराच्या बंदरातूनच, इथे आले. मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीवर घराला बरकत आली. दुसऱ्या पिढीतले रोलंड आणि रेचेल हे दाम्पत्य गुलामगिरीचे कडवे विरोधक. गुलामांच्या श्रमातून आलेला माल रेचेलला वर्ज्य होता.

खरा ऐवज आहे तो या घरातल्या पत्रव्यवहारात. १८३७ साली ऑलिव्हर जॉन्सन हा कार्यकर्ता पेनसिल्व्हेनियातून रोलंडला सायमन नावाच्या फरारी गुलामाविषयी लिहितो. सायमन कॅनडाला निघाला आहे, पण धोका नसेल तर त्याला याच देशात राहायला आवडेल. शिवाय शेतीच्या कामात तो उपयोगी पडेल. ही सरळसरळ नोकरीची शिफारस आहे!

त्याच वर्षीचे जेसीचे प्रकरण अधिक बोलके. जेसी नॉर्थ कॅरोलायनातून पळालेला. त्याने आपली सुटका विकत घेण्यासाठी १५० डॉलर साठवले होते. रोलंडने थेट मालकालाच पत्र घातले, म्हणजे जेसीचा ठावठिकाणा आपणहून कळवला. मालकाने ३०० डॉलर मागितले. मात्र जेसी आता आपल्या हाताबाहेर गेला आहे, हेही उत्तरात मान्य केले. पकडून नेण्याची धास्ती असती तर असा भाव झालाच नसता.

ही निर्धास्ती कायद्याने दिलेली नव्हती. फरारी गुलाम परत नेण्याचा हक्क मालकाला १७९३च्या संघीय कायद्याने दिलेलाच होता. ती लोकांच्या उदारपणाचीही म्हणता येत नाही, कारण याच राज्याच्या राजधानीत, माँटपीलियरला, १८३५ साली गुलामगिरीविरोधी सभा जमावाने उधळल्या होत्या. उरते ते अंतर. शेकडो मैल माणसे पाठवून एकाला पकडून आणायचे, तर खर्च आणि खटपट मालकाला परवडणारी नव्हती.

म्हणून रोकबीला लपण्याची जागा म्हणणे पुराव्याला धरून नाही. फरारी माणसे तिथे उघडपणे राबत होती. अर्थात हा निष्कर्ष १८५०च्या कडक कायद्यापूर्वीचा आणि उत्तर टोकाच्या प्रदेशापुरताच. ओहायो नदीकाठी, जिथे पलीकडच्या तीरावरच गुलामगिरीचे केंटकी राज्य होते, तिथे लपवण्याची गरज खरीच होती.